फाटकाशी अडलेला वाद

शाळा उघडल्या की पहिल्या आठवड्यात एक भांडण ठरलेलं असतं. पहिलीत आलेल्या मुलांच्या पालकांना वर्गाच्या दारापर्यंत येऊ द्यायचं, की फाटकाशीच हात सोडायला लावायचा? एका बाजूला शिक्षक असतात. पालक जितका वेळ घुटमळतात तितका वेळ मूल रडतं, रडणारं मूल एक आणि डोळे पुसणारे मोठे चार, अशा गर्दीत शिकवायचं कसं, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या बाजूला पालक. पाच-सहा वर्षांच्या पोराला अनोळखी इमारतीत ढकलून दार लावून घेणं ही कुठली शिस्त, हा त्यांचा सवाल. मग ‘लाडावून ठेवलेली मुलं’ आणि ‘तुरुंगासारखी शाळा’ असे शब्द दोन्हीकडून उडतात, आठ-पंधरा दिवसांत मुलं रुळतात, रडणं थांबतं आणि वाद पुढच्या वर्षापर्यंत गुंडाळून ठेवला जातो. इतकी वर्षं तो मिटत नाही याचं कारण मला असं दिसतं, की तो चुकीच्या जागी उभं राहून घातला जातो. पालकांनी किती पावलं आत यावं याची मोजणी चालते. आत येऊन काय व्हायला हवं, हे कोणीच विचारत नाही.

माझी बाजू आधीच सांगून टाकतो. प्राथमिक शाळेला नव्या वर्षी एकट्या मुलाचं स्वागत करून भागत नाही, त्याच्या घराचंही करावं लागतं. आणि घराला आत घेणं ही शाळेची मेहेरबानी नाही, गरज आहे. कारण त्या मुलाविषयीची जवळजवळ सगळी कामाची माहिती त्या सकाळी फाटकाबाहेर उभी असते. ती आत आणायची तर शाळेला सांगणं कमी करून विचारणं वाढवावं लागेल. पालक वर्गात बसले की दारात थांबले, हा त्यानंतरचा तपशील.

आपल्या परिचयाची स्वागतसभा कशी असते? मी स्वतः अशा एका सभेत पहिलीच्या मुलांच्या खुर्चीत, गुडघे हनुवटीला टेकवून, दीड तास बसलो आहे. प्रास्ताविक झालं, शाळेच्या निकालांची उजळणी झाली, मग सूचना: गणवेश, वेळ, उशिरा आल्यास काय, गृहपाठाच्या वहीवर सही कुठे करायची, फी कधी भरायची, मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये काय टाकायचं नाही. शेवटी ‘कोणाला काही शंका?’ शंका हा शब्दच बघा. शंका विचारणाऱ्याकडे माहिती नसते, ती व्यासपीठावर असते, असं त्यात गृहीत आहे. सगळे गप्प बसले, एकाने बसच्या वेळेबद्दल विचारलं, सभा संपली. चाळीस घरं त्या खोलीत होती आणि त्यांच्या मुलांबद्दल एकाही घराला एक प्रश्न विचारला गेला नाही. याला स्वागत म्हणायचं असेल तर विमान सुटण्यापूर्वीच्या सूचनांनाही म्हणावं लागेल.

आणि विचारलं असतं तर काय कळलं असतं? एखाद्या मुलाला डाव्या कानाने कमी ऐकू येतं, म्हणून तो घरी नेहमी उजवीकडे बसतो. एखादीचं हजेरीपटावरचं नाव तिला हाक म्हणून कधी कोणी मारलेलंच नाही. बाई तीनदा नाव घेतात, ती ओ देत नाही आणि ‘लक्ष नसतं’ असा शेरा पहिल्या दिवशी लागतो. कोणाच्या घरी ज्या आजीने वाढवलं ती दोन महिन्यांपूर्वी गेली. कोणाला लघवीला जायचंय हे शाळेच्या भाषेत कसं म्हणायचं ते येत नाही. यातलं प्रत्येक वाक्य आई किंवा बाप दोन मिनिटांत सांगू शकतो. न सांगितलं, म्हणजे न विचारलं, तर शिक्षिकेला ते सहामाही परीक्षेच्या सुमारास कळतं. तोवर ते मूल ‘हट्टी’, ‘घुमं’ किंवा ‘मंद’ ठरलेलं असतं आणि लहान वर्गातले हे शिक्के पुसायला वरचे वर्ग पुरत नाहीत.

आता विरुद्ध बाजू. ती हलकी नाही.

पहिला मुद्दा रडण्याचा. पालक झटकन निघून गेले की मूल लवकर गप्प होतं, हे शिक्षकांचं निरीक्षण खोटं नाही. ज्यांनी वीस-वीस वर्षं पहिलीचा वर्ग घेतला आहे त्यांना खोटं पाडण्याची माझी लायकीही नाही. प्रश्न आहे तो गप्प होण्याचा अर्थ काय, हा. याच निरीक्षणावर एकेकाळी रुग्णालयांचा एक अख्खा नियम उभा होता. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमधल्या कित्येक रुग्णालयांत दाखल झालेल्या लहान मुलाला आईबापांनी भेटायचं ते आठवड्यातून एखाद्या दिवशी, ठरावीक वेळात. कारण हेच: आई आली की मूल रडतं, वॉर्ड बिघडतो, नाही आली की दोन दिवसांत शांत होतं. लंडनच्या टॅविस्टॉक क्लिनिकमधल्या जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये अडीच वर्षांच्या एका मुलीच्या रुग्णालयातल्या आठ दिवसांचं चित्रीकरण करून दाखवलं, की ही शांतता सावरण्याची नसते. आधी आक्रोश, मग खचणं आणि मग आईकडेही पाठ फिरवणं, अशा पायऱ्या त्यांनी मांडल्या. डॉक्टर-परिचारिकांपैकी अनेकांना तो चित्रपट अन्यायकारक वाटला, त्यांनी तो झिडकारलाही. पण १९५९ साली सर हॅरी प्लॅट यांच्या समितीने पालकांना भेटीची मोकळीक असावी अशी शिफारस केली आणि नंतरच्या काळात नियम हळूहळू बदलले. आज आजारी मुलाच्या खाटेशी आई बसलेली दिसते तेव्हा ती वॉर्डाची शिस्त मोडते आहे असं कोणाला वाटत नाही.

इथे मला थांबून एक कबुली दिली पाहिजे, कारण हा दाखला ताणायला फार सोपा आहे. शाळा म्हणजे रुग्णालय नाही. मूल काही तासांनी घरी जातं, त्याला ताप नाही, शेजारी त्याच्याच वयाची खेळगडी असतात आणि सहा वर्षांचं मूल अडीच वर्षांच्या मुलापेक्षा पुष्कळ खंबीर असतं. बहुतेक मुलं खरोखरच रुळतात. मला या गोष्टीतून एवढंच हवं आहे, की ‘गप्प झालं’ हा पुरावा पुरेसा नाही. संस्थेच्या सोयीची शांतता आणि मुलाची शांतता बाहेरून सारखीच दिसते. फरक ओळखू शकणारी व्यक्ती एकच असते आणि तिलाच आपण फाटकाबाहेर ठेवलेलं असतं.

दुसरा मुद्दा जागेचा आणि संख्येचा. तीस मुलं आणि तीस पालक एका खोलीत मावतील कसे? नाही मावणार. पण सगळ्यांनी एकाच दिवशी, एकाच वेळी, सगळा वेळ आत असायला हवं असं म्हटलंय कोणी? जर्मनीत पाळणाघरांसाठी ‘बर्लिन पद्धत’ म्हणून ओळखली जाणारी एक रीत आहे. मुलाबरोबर घरचं एक माणूस पहिले तीन दिवस येतं, थोडाच वेळ थांबतं आणि कोपऱ्यात बसून राहतं. खेळ घ्यायचा नाही, मुलाला हाकलायचंही नाही. त्या तीन दिवसांत दुरावण्याचा प्रयत्न करायचाच नाही. चौथ्या दिवशी पालक काही मिनिटांसाठी बाहेर जातो आणि मूल कसं वागतं ते पाहून पुढचं ठरतं. ही पद्धत तीन वर्षांखालच्या मुलांसाठी घडवली आहे, पहिलीला ती जशीच्या तशी लागू करा असं मी म्हणणार नाही. मला तिच्यातलं मर्म आवडतं: पालकाला तिथे काम दिलेलं आहे आणि ते काम कोपऱ्यात बसण्याचं आहे. घुटमळणाऱ्या पालकाचा त्रास होतो तो बहुधा आपण इथे कशाला आहोत हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं म्हणून.

शिवाय ही भेट पहिल्या दिवशीच व्हायला हवी असंही नाही. त्याआधी झाली तर उत्तमच. इंग्लंडमधल्या प्राथमिक शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या, ब्रिजेट प्लाउडन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९६७ मध्ये शाळा आणि घर यांच्यातल्या संबंधांचा एक किमान कार्यक्रम सुचवला होता. त्यातलं पहिलंच कलम असं, की मूल दाखल होण्यापूर्वी मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षक यांनी पालकांना भेटावं आणि ते नियमितपणे घडेल अशी व्यवस्था असावी. यात क्रांतिकारक काय आहे? काहीच नाही. अर्धशतक उलटून गेलं तरी हे साधं कलम अमलात आणण्याऐवजी आपण फाटकाच्या रंगाइतक्या वरवरच्या गोष्टीवर भांडतो.

सुरक्षिततेचा मुद्दा मी थोडक्यात घेतो, तो फालतू आहे म्हणून नाही, त्याचं उत्तर सरळ आहे म्हणून. १३ मार्च १९९६ रोजी स्कॉटलंडमधल्या डनब्लेन गावच्या प्राथमिक शाळेत बाहेरून आलेल्या बंदूकधाऱ्याने सोळा मुलं आणि त्यांच्या शिक्षिकेचा जीव घेतला. त्यानंतर शाळांनी दारं बंद केली, येणाऱ्याची नोंद ठेवायला सुरुवात केली, याबद्दल कोण तक्रार करेल? पण बंद दार अनोळखी माणसासाठी असतं. जी शाळा आपल्या पालकांना चेहऱ्याने ओळखत नाही, तिच्या दारावर अनोळखी माणूस आणि ओळखीचा माणूस यांत फरक करणार कोण? पहिल्याच आठवड्यात मुलाला न्यायला कोण-कोण येणार आहे हे प्रत्यक्ष पाहिलेली शिक्षिका ही कॅमेऱ्यापेक्षा चांगली राखणदार असते.

यापुढचा आक्षेप मात्र मला अनेकदा गप्प करतो आणि गंमत म्हणजे फाटकाच्या वादात तो कोणी काढतच नाही. तो असा: शाळा ही घरापासून सुटकेची जागाही आहे. मुलाला घरच्यांपेक्षा वेगळं होण्याचा हक्क आहे आणि तो बजावायला आईबापांची नजर नसलेली चार तास तरी जागा लागते. १८४८ साली पुण्यात सावित्रीबाई आणि जोतिराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली ती घरांना विचारून काढली असती तर कधी निघाली असती? रस्त्यात शेण आणि दगड मारणारे कोण होते? समाजच, म्हणजे घरंच. खुद्द जोतिरावांना या कामापायी वडिलांचं घर सोडावं लागलं. ‘कुटुंबाचं ऐका’ हे वाक्य त्या वर्षी उच्चारलं असतं तर ते ‘शाळा बंद करा’ याचाच दुसरा उच्चार ठरलं असतं. आजही मुलीला पुढे शिकवायचं नाही असं ठरवलेलं घर असतं, मारणारं घर असतं, विशिष्ट मुलांशेजारी आपलं मूल बसू नये असा हट्ट धरणारं घरही असतं. अशा घराचं स्वागत करायचं म्हणजे त्याच्या म्हणण्याला मान डोलवायची का?

मुळीच नाही. पण फुले दांपत्याने पुढे काय केलं तेही पाहू. १८५५ मध्ये त्यांनी शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा सुरू केली. दिवसभर राबणारी मोठी माणसं, म्हणजे कुणाकुणाचे आईबापच, पाटीसमोर बसली. विरोध करणाऱ्या समाजाला वळसा घालून जाण्याऐवजी त्यातल्याच माणसांना त्यांनी शिकण्यात ओढलं. जवळपास शंभर वर्षांनी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम सुरू केलं, तेव्हा मुलं बालवाडीत येईनात. यावर ‘पालकांना शिक्षणाचं महत्त्वच कळत नाही’ असं म्हणून हात झटकता आले असते. हे वाक्य आजही शिक्षकांच्या खोलीत मुबलक ऐकू येतं. त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द त्यातून आला. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली, ती गुरं चरत होती तिथे. पोर शाळेत का येत नाही याचं उत्तर घरी होतं: धाकट्या भावंडाला सांभाळायचं होतं, गुरं राखायची होती. घराला विचारलं म्हणून ते कळलं आणि कळलं म्हणून शाळेचा आकार बदलला. घराचं ऐकणं आणि घराच्या मताने चालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या बायकांइतकं स्वच्छ क्वचितच कोणी करून दाखवलं असेल.

उलट, घराला ठरवून बाहेर ठेवणारी शाळा तर्काच्या टोकाला नेली तर कुठे पोहोचते, याचाही इतिहास आहे. अमेरिकेत १८७९ साली रिचर्ड प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल इथे मूळनिवासी जमातींच्या मुलांसाठी वसतिशाळा काढली. मुलांचे केस कापले, नावं बदलली, त्यांची भाषा बोलायला बंदी केली. तिच्या धर्तीवर अशा आणखी शाळा निघाल्या. तिथेही युक्तिवाद मुलांच्या भल्याचाच होता: घर हाच अडथळा आहे, तो दूर केला की मूल घडेल. फाटकाशी पालकांना थांबवणारी आपली मुख्याध्यापिका आणि प्रॅट यांना मी एका पंक्तीत बसवत नाही. तसं करणं खोटेपणाचं होईल. पण हजेरीपटावर कोणाचं नाव ‘सोपं करून’ लिहिलं जातं, घरची बोली वर्गात बोललं की हसू पिकतं, तेव्हा त्याच विचाराची एक पुसट सावली तिथे असते. ती ओळखायला तरी यावी.

आणखी एक आक्षेप समतेचा. दार उघडं ठेवलं की आत कोण येतं? ज्याला आधीच यायला येतं तो. समाजशास्त्रज्ञ अ‍ॅनेट लरो यांनी अमेरिकी कुटुंबांमध्ये बराच काळ वावरून केलेला अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. मध्यमवर्गीय पालक शाळेशी हक्काने बोलतात, आपल्या मुलासाठी नियम वाकवून घेतात आणि मुलालाही तसं बोलायला शिकवतात; श्रमिक पालक मात्र शाळेपुढे दबून, अंतर राखून असतात, असं त्यांना दिसलं. म्हणजे ‘पालकांचा सहभाग’ वाढवाल तर मोठ्या आवाजाच्या पालकांचं वजनच वाढेल. मला हा आक्षेप शंभर टक्के मान्य आहे आणि तरी तो माझ्या विरुद्ध जात नाही. तो उघड्या दाराच्या विरुद्ध जातो. दार उघडं ठेवून वाट पाहणं हे स्वागत नसतंच. यजमान उठून पुढे येतो तेव्हा स्वागत होतं. सभेत मागच्या भिंतीला टेकून उभा असलेला, सही करायची वेळ आली की शेजाऱ्याकडे पाहणारा बाप आठवा. कदाचित याच प्रकारच्या इमारतीत त्याने लहानपणी मार खाल्ला असेल, नापास होऊन तो इथूनच बाहेर पडला असेल. त्याला ‘कधीही या, आपलीच शाळा आहे’ असं माईकवरून सांगून तो येणार आहे? त्याच्यापर्यंत शाळेनेच जावं लागतं. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोमध्ये १९९८ पासून शिक्षकांच्या घरभेटींचा एक कार्यक्रम चालू आहे. शिक्षक जोडीने जातात, आधी विचारून जातात, तक्रार घेऊन जात नाहीत आणि मुलाबद्दल तुमची स्वप्नं काय आहेत हे विचारतात. अडचणीत आलेल्याच घरी न जाता ते सगळ्या प्रकारच्या घरी जातात, म्हणजे शिक्षक दारात दिसले की शेजारीपाजारी ‘यांच्या पोराने काय केलं?’ असं कुजबुजत नाहीत. आणि त्या कामाचे त्यांना पैसे मिळतात. शेवटचा तपशील मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

कारण हे सगळं करायचं कोणी? शिक्षकांच्या पाठीवर आधीच इतकी ओझी आहेत, की या लेखासारखे लेख वाचून त्यांना संताप येत असेल तर तो रास्त आहे. नवं वर्ष सुरू होताना त्यांचे पहिले दिवस तक्ते, याद्या आणि नोंदी भरण्यात जातात. त्यात ‘प्रत्येक घराशी दहा मिनिटं बोला’ ही आणखी एक सूचना वरून आली, तर तिचा तक्ता होईल, तक्त्यात खुणा होतील आणि बोलणं राहून जाईल. म्हणून वेळ काढून ठेवल्याशिवाय ही अपेक्षा करू नये. चाळीस घरं गुणिले दहा मिनिटं म्हणजे जवळपास पावणेसात तास, साधारण एक कामाचा दिवस. वर्ग भरण्याआधीचा एक दिवस, ज्यात शिक्षिकेला दुसरं काहीही काम नाही. शाळेला हा दिवस परवडत नाही असं म्हणणाऱ्यांनी फुगे, कमानी, पाहुण्यांची भाषणं आणि फोटो यांवर जाणारे तास एकदा मोजावेत. माझा उत्सवाला विरोध नाही, मुलांना फुगे आवडतात. पण फुगा कोणालाही देता येतो. त्यासाठी हातात येणारं मूल कोण आहे हे ठाऊक असावं लागत नाही.

प्रवेशअर्ज पाहा. जन्मतारीख, पत्ता, व्यवसाय, रक्तगट, लसीकरण. सगळे रकाने संस्थेला लागणाऱ्या माहितीचे. घरी काय हाक मारतात, कशाला घाबरतं, कोणाजवळ झोपतं, यासाठी एकही ओळ नाही. माझ्या धाकट्या मुलीच्या वेळी, दुसऱ्या एका शाळेत, अर्ज तपासून झाल्यावर वर्गशिक्षिकेने तो बाजूला सारला आणि विचारलं, “ही रडायला लागली की तुम्ही काय करता?” मला पटकन सांगता येईना. इतकी वर्षं जे करत आलो ते शब्दांत कधी मांडलंच नव्हतं. मग म्हटलं, “जवळ घेत नाही. तिला ते आवडत नाही. शेजारी बसून दुसरंच काहीतरी करत राहतो, ती आपोआप सरकत येते.” बाईंनी मान हलवली, हजेरीपट ओढला आणि तिच्या नावापुढच्या मोकळ्या जागेत पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहिलं: ‘शेजारी बसणे.’